नाही म्हटल्यावर पोरं कुठं जातात

रंजनाआत्या गेल्याचा फोन तिच्या मुलाकडून आला नाही. तिच्या हॉटेलातल्या आचाऱ्याने, दिलीपने तो केला. मी कॉलेजातला तास संपवून स्टाफरूममध्ये नुकताच डबा उघडला होता. "मॅडम, आक्का उठंनात," एवढंच तो म्हणाला आणि मग बराच वेळ फोनवर नुसते रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज येत राहिले... नगरहून घोडेगावच्या पुढे तिच्या हॉटेलापर्यंत पोहोचेस्तोवर मी स्वतःला समजावत होते की चक्कर आली असेल, सलाईन लावलं असेल. तिला साधा तापही आलेला मी कधी पाहिला नव्हता. पण हॉटेलचं शटर अर्धं खाली ओढलेलं दिसलं आणि सगळं कळलं. सकाळी भाजीवाल्याशी घासाघीस केली, दुपारी जेवली, मागच्या खोलीत कॉटवर पडली आणि झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

अंत्यविधीला नातेवाईक होते, गावकरी होते, आजूबाजूचे हॉटेलवाले होते. पण स्मशानाच्या कुंपणाबाहेर मोटारसायकली लावून तरुण मुलांचा एक मोठा घोळका उभा होता. त्यातला कुणीही आमच्या ओळखीचा नव्हता. कुणी पुढे आलं नाही, कुणी निघूनही गेलं नाही. माझ्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना हळूच विचारलं, ही कुणाची पोरं? त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, "आक्कानी ज्यास्नी दारू दिली न्हाई, ती ही पोरं." वडील माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता आणि तो समजावून सांगण्याच्या अवस्थेत मी नव्हते. आता काही आठवडे गेले आहेत, तेव्हा तो लिहून पाहते.

आत्याचं परमिट रूम होतं. आमच्या घरात हे इतकं सरळ कुणी म्हणत नसे. "तिचं रस्त्याला हॉटेल आहे," असं म्हणून वडील विषय बदलत. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, आधी साधा ढाबा टाकला होता. गुरांच्या बाजाराला येणारे व्यापारी, ट्रकवाले, साखर कारखान्याची माणसं तिथे जेवायला थांबत. पुढे परवाना मिळाला आणि मागे परमिट रूम झालं. राहुल, त्यांचा मुलगा, शाळेत असतानाच मामा वारले आणि परवाना आत्याच्या नावावर आला. तो विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईमाणसानं गल्ल्यावर बसायचं आणि तेही असल्या ठिकाणी... तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत ती गल्ल्यावर बसली होती. मी एकदा तिला विचारलं, तुला लाज नाही वाटली का गं? ती म्हणाली, "पुढं बसून जेवत्यात ती मानसं चांगली आन् तीच उठून मागं गेली की वाईट, ह्ये मला काय उमगलं न्हाई बघ." हे ती वाद घालण्यासाठी म्हणत नव्हती. तिला ते खरंच उमगत नव्हतं आणि न उमगलेल्या गोष्टी ती सोडत नसे.

तिचा स्वभावच तो होता. पंजाबी ड्रायव्हर जेवायला बसला की त्याची आई सरसोंचं साग कशात घोटते हे ती विचारून घेई. मतदानाची शाई धुऊन का जात नाही, हे तिने मला विचारलं होतं, आणि मला माहीत नाही म्हटल्यावर "कॉलेजात शिकवतीस ना?" असं न म्हणता "मग कुनाला म्हाईत असंल?" एवढंच विचारलं. डावा तळवा गालाला लावून ती ऐकत बसे आणि समोरच्याला वाटे की आपण जगातली फार महत्त्वाची गोष्ट सांगतो आहोत. मी राज्यशास्त्र शिकवते. आत्याच्या लेखी त्याचा अर्थ मी कायदे शिकवते असा होता आणि तो मी कितीदा दुरुस्त केला तरी तसाच राहिला.

तिच्या गल्ल्यामागे भिंतीवर एक पाटी होती. एकवीस वर्षांखालच्याला बिअर मिळणार नाही, पंचवीस वर्षांखालच्याला दारू मिळणार नाही, अशा अर्थाची. अशी पाटी सगळ्याच परमिट रूममध्ये असते आणि एकदा खिळा ठोकला की तिच्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही. आत्या पाहायची. मामांच्या वेळी कुणी वय विचारत नसे, ती पहिल्या दिवसापासून विचारू लागली. जन्मसाल विचारलं की पोरं पाठ केलेलं सांगतात, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून ती गप्पा मारल्यासारखं विचारे, दहावीला कुठल्या साली होतास रे? सर कोण होते? पोरगा बोटांवर हिशोब करायला लागला की तिला कळे. मग ती म्हणे, "तुला भजी देते गरम. बाकीचं न्हाई." काही भजी खात, काही चिडून निघून जात. पोरं निघून गेली की आपलं काम झालं, असं तिलाही तेव्हा वाटत होतं.

ओंकारच्या बाबतीतही तिने एवढंच केलं होतं. ओंकार जवळच्याच एका गावचा, आयटीआयला जाणारा मुलगा. वाहन चालवण्याचं लायसन्स नुकतंच हातात आलेलं. ऊसतोडणीच्या दिवसांत, दिवेलागणीच्या जरा आधी, तो आणि त्याचा मित्र सागर एका मोटारसायकलवर आले. सागरने सांगितलं की ओंकारला कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलंय, म्हणून दोन बिअर हव्यात. आत्याने नेहमीचे प्रश्न विचारले, हसली, नोकरीबद्दल त्याचं कौतुक केलं आणि बिअर द्यायला नकार दिला. ओंकारही हसला. "असू द्या मावशी, पुढं बघतो," असं म्हणून त्याने गाडीला किक मारली. ते दोघे नेवाशाच्या बाजूला गेले, वाटेतली हॉटेलं ऊसतोडणीच्या गर्दीने भरलेली, म्हणून बऱ्याच लांबच्या एका हॉटेलात त्यांना हवं ते मिळालं, आणि अंधार पडल्यावर परत येताना त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, चकाकणारी पट्टीही नव्हती. ओंकार जागीच गेला. सागरच्या पायाचा चुराडा झाला, पण तो वाचला.

आत्याला ही बातमी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळली. तिने मला फोन केला. मी म्हटलं, आत्या, तू कायद्याने बरोबर वागलीस. ती म्हणाली, "कायद्याचं न्हाई इचारत मी, मनू. रस्त्याचं इचारते. त्याचं घर हितनं हाकेवर. मी दिली असती तर तो हितं बसून पिऊन घरी गेला असता. मी न्हाई म्हणले म्हणून तो तिकडं गेला." मी तिला म्हटलं की असा विचार करू नकोस. पण हे मी बोलून जात असतानाच मला जाणवलं की ती रडत नव्हती. आवाज जड होता, झोप झालेली नव्हती, तरी ती खरोखर विचारत होती. तिला माझं सांत्वन नको होतं. तिला उत्तर हवं होतं.

मग मीही वाचायला लागले. माझ्या विषयाशी त्याचा दुरून संबंध होता, पण खरं कारण तिचे फोन. दारूसाठीचं वय वाढवल्यावर तरुण पोरांचे अपघात कमी झाल्याचा अनुभव काही देशांत आला होता, हे मी तिला सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "न्हाई म्हणल्यावर तिथली पोरं कुठं जात्यात, ते लिवलंय का?" ते मी पाहिलं नव्हतं. पुन्हा शोधायला बसले, आणि सापडलं की अमेरिकेत पूर्वी प्रत्येक राज्याचं वय वेगळं असायचं, तेव्हा पोरं गाड्या काढून वय कमी असलेल्या शेजारच्या राज्यात प्यायला जायची आणि परत येताना रस्त्यात मरायची. पुढे सगळीकडे एकच वय झालं. हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हंजी तिथंबी एक ओंकार हुता." आणि लगेच, "तू ये एकदा गाडी घेऊन."

मी एका सुट्टीच्या दुपारी गेले. तिने पदर खोचला, माझ्या शेजारी बसली आणि ओंकार ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्याने गाडी घ्यायला सांगितली. वाटेतल्या प्रत्येक हॉटेलासमोर ती मला थांबवत होती. ती उतरायची, मालकाला नाव घेऊन हाक मारायची, घरच्यांची चौकशी करायची आणि मग विचारायची, तुम्ही लहान पोरांना देता का? तिथे तिला सगळे ओळखत होते, त्यामुळे कुणी खोटं बोललं नाही. पहिल्याने सांगितलं, "आक्का, मी न्हाई दिली तर पुढचा देतोच की." आम्ही पुढच्याकडे गेलो. तोही म्हणाला, पुढचा देतो. असं करत करत आम्ही त्या शेवटच्या हॉटेलापर्यंत पोहोचलो, जिथे ओंकार आणि सागर बसले होते. त्याच्यापुढे बराच पट्टा मोकळा होता, हॉटेलच नव्हतं. आत्याने त्यालाही तेच विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, मी न्हाई दिली तर आधीचे देत्यात." आत्या त्याच्याकडे बघतच राहिली, आणि एवढ्या सगळ्यात तिला हसू फुटलं. तोही कसनुसा हसला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बघ मनू, ह्या रस्त्यावर देनारा कुनी न्हाईच. समदी दुसऱ्याचं नाव सांगत्यात."

परतीच्या वाटेवर तिने मला ट्रॉली उभी होती ती जागा दाखवली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता सरळसोट. एवढ्या सरळ रस्त्यावर ट्रॉली दिसली कशी नाही, असं मी म्हणाले. मग तिने मला गाडीचा वेग वाढवायला लावला. पोरं जातात तशी चालव, म्हणाली. मी वाढवला, आणखी थोडा वाढवला आणि एकाएकी पुढचा मैलाचा दगड अंगावर आल्यासारखा वाटला. मी ब्रेक मारला. आम्ही दोघी पुढे ढकललो गेलो आणि गाडी मला वाटलं होतं त्याच्या खूप पुढे जाऊन थांबली. मी इतकी वर्षं गाडी चालवते आहे. भर दुपार होती आणि पोटात फक्त तिच्याकडचा चहा होता. तेव्हा मला एक गोष्ट सुचली आणि मी ती तिथेच रस्त्याच्या कडेला तिला बोलून दाखवली. गाडीला अठरा, बिअरला एकवीस, दारूला पंचवीस अशा पायऱ्या कुणी केल्या आणि का केल्या, हे ती पहिल्यापासून विचारत आली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने विचारलं होतं. त्यांनी पाटीकडे नव्यानेच पाहावं तसं पाहिलं आणि "वरून आलंय आक्का" म्हणून चहा संपवला होता. मी तिला म्हटलं, मला खात्री नाही, पण असं असेल का... गाडी किती अंतरात थांबते हे ज्याला अजून कळत नाही आणि आपल्याला किती चढली आहे हेही ज्याला अजून कळत नाही, असा एकच माणूस असू नये, म्हणून? दोन्ही गोष्टी एकाच वर्षी शिकायला लागू नयेत, म्हणून?

आत्याने गालाला हात लावला. "म्हंजी ह्ये वयाचं न्हाई. शिकन्याचं हाय." पुढे ती हेच पोरांना सांगू लागली. आधी गाडी शीक, चांगली शीक, बाकीचं पुढं बघू. पण त्या दिवशी ती तेवढ्यावर थांबली नाही. जरा वेळाने म्हणाली, मग चाळिशीतला माणूस पिऊन गाडी चालवतो त्याला काय म्हणायचं? त्याला कुठली पाटी आहे? कायदा आहे, असं मी म्हणाले. ती म्हणाली, कायदा रस्त्यावर आहे, माझ्या गल्ल्यावर नाही.

या काळात सागर एकदा तिच्याकडे आला. कुबडी घेऊन, रिक्षाने. दिलीपने हा प्रसंग मला नंतर सांगितला, आत्याने कधीच सांगितला नाही. सागर गल्ल्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी दिली असती तर आमी हितंच बसलो असतो." दिलीप स्वयंपाकघरातून तावातावाने बाहेर आला होता. आत्याने त्याला हाताने थांबवलं. ती सागरला म्हणाली, "मलाबी तसंच वाटतं रे." त्याला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. तो खुर्चीवर बसला आणि रडला. रडून झाल्यावर तिने त्याला विचारलं की तुम्ही पोरं अजून कुठं कुठं जाता. तोही सांगायला लागला... पाटाच्या भरावावर, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमागे, अमक्या वस्तीवर चोरून विकतात तिथे. प्रत्येक ठिकाण आधीच्यापेक्षा आडबाजूला आणि प्रत्येक ठिकाणी जायला गाडी लागतेच. ती ऐकत राहिली.

ओंकारचे वडील आले त्या दिवशी मी योगायोगाने तिथे होते. बाजाराचा दिवस होता, हॉटेल भरलेलं. टोपी हातात घेतलेला एक माणूस दाराशी घुटमळत होता. आत्याने त्यांना ओळखलं, उठून आत घेतलं, पुढच्या टेबलाशी बसवलं. त्यांनी फक्त चहा मागितला. मग त्यांनी विचारलं, ओंकार त्या दिवशी काय म्हणाला? आत्याने शब्दन् शब्द सांगितला, नोकरीचं, दहावीच्या सालाचं, पुढं बघतो म्हणाला तेही.

"हसला का?" त्यांनी विचारलं.

"हसला. लई गोड हसला."

त्यांनी मान हलवली. दुपारी घरातून निघताना तो त्यांच्याशी भांडून निघाला होता म्हणे, म्हणून शेवटचं कुणाशी तरी तो हसून बोलला हे त्यांना ऐकायचं होतं. मला वाटलं, ती आता आपला प्रश्न विचारणार नाही. पण तिने तो विचारला. हात जोडून, आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, मी न्हाई म्हणले ह्ये बरं केलं का वाईट केलं? मला कळंना झालंय."

मागे बाजारातून आणलेली गुरं टेम्पोत चढवत होते, तो गलका तेवढा ऐकू येत होता. मग ओंकारचे वडील म्हणाले, "आमच्या घरात त्याला कंचीच गोष्ट कुनी न्हाई म्हणलं न्हवतं, आक्का. तुमी म्हणलात. त्यात वाईट काय हाय. पर त्याला तसंच जाऊ द्यायला नको हुतं." एवढं बोलून ते उठले. आत्या त्यांना रस्त्यापर्यंत पोहोचवायला गेली.

त्यानंतर हॉटेलात झालेले बदल लहान होते आणि एकामागून एक होत गेले. ढाब्याचा पुढचा भाग तिने परमिट रूमपासून दार लावून वेगळा केला. तिथे टीव्ही लावला, क्रिकेटचा सामना असला की आवाज मोठा. ज्याला मागे नकार मिळाला त्याला ती पुढे बसवायची, शेवभाजी-भाकरी घालायची आणि न कचरता विचारायची, "मग आता कुठं जानार?" सुरुवातीला पोरं थापा मारत. पण ती रागावत नाही, घरी फोन करत नाही, फक्त तिला जाणून घ्यायचं असतं, हे कळल्यावर खरं सांगू लागली. खरं सांगितलेल्या पोराला तिथून उठून थेट तिथेच जायला जड जातं, हा शोध तिला अपघातानेच लागला. काही जण तरीही जात. काही सामना संपेपर्यंत बसत आणि मग घरी जात. वयात बसणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ती आत सोडण्याआधी गाडीची किल्ली मागू लागली. त्यावरून भांडणं झाली, जुनी गिऱ्हाइकं तुटली. ज्यांनी किल्ली ठेवली त्यांना दिलीप हॉटेलच्या छोट्या टेम्पोतून घरी सोडून येई.

बाकीच्या हॉटेलवाल्यांनाही तिने एकदा जेवायला बोलावलं. अमेरिकेतली गोष्ट सांगितली, तीही अशी की जणू ती पलीकडच्या तालुक्यात घडली होती. सगळ्यांनी एकत्र वय विचारायचं, म्हणजे पोराला पुढं जायला कारणच उरणार नाही. सगळे हो म्हणाले. काही महिने ते पाळलंही. मग एकाने सोडलं, त्याचं बघून दुसऱ्याने. ज्याच्याकडे ओंकार शेवटचा बसला होता तो मात्र टिकला. या सगळ्याने रस्त्यावर काही फरक पडला का, हे मी आत्याला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मेला त्यो दिसतो गं. वाचला त्यो घरी जाऊन झोपतो, त्यो कसा दिसायचा?" अपघात थांबले नाहीत. मागच्या वर्षी त्याच पट्ट्यात एक झाला, त्या पोराला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं. तरीही ती त्याच्या घरी जाऊन आली.

वडिलांना मी हे सगळं दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही विषय बदलला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं की तिचं हॉटेल आतून कसं आहे. तिच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ते कधी आत गेले नव्हते. मी त्यांना घेऊन गेले. राहुल पुण्याहून आलेला होता. परवाना विकायचा की ठेवायचा हे त्याचं अजून ठरत नव्हतं, तोवर दिलीपने हॉटेल उघडलं होतं. वडील पुढच्या भागात एका टेबलाशी बसले आणि त्यांनी भाकरी मागवली. टीव्ही चालू होता. मागच्या बाकड्यांवर बसलेल्या तरुण मुलांपैकी दोघं-तिघं मला ओळखीची वाटली, कुंपणाबाहेरच्या घोळक्यातली. ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

तेवढ्यात दोन नवीन पोरं आली. नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यातला उंच मुलगा थेट गल्ल्याशी गेला. दिलीपने त्याला दहावीचं साल विचारलं, अगदी तसंच, गप्पा मारल्यासारखं. मुलगा अडखळला. दिलीपने नकार दिला आणि पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना. आक्का पुढचं बोलायची, तो भाकऱ्या भाजायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलाने त्याची नजर पकडली आणि माझ्याकडे वळून, उद्धटपणाने नाही, खरंच प्रश्न पडल्यासारखं विचारलं, "मॅडम, लायसन हाय मला. पंचवीस झाल्यावर ब्रेक लवकर लागतो का?"

मी म्हटलं, नाही. ब्रेक तेवढ्यातच लागतो.

"मग?"

वडील जेवता जेवता थांबले होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी त्या मुलाला म्हटलं की मला पुरतं माहीत नाही, पण जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, वेळ लागेल. त्याने एकदा बाहेरच्या गाडीकडे पाहिलं, एकदा मित्राकडे. मग खुर्ची ओढून तो माझ्यासमोर बसला, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, उत्तर ऐकल्याशिवाय उठायचं नाही अशा बेताने. दिलीप आत जाऊन दोन ताटं वाढायला लागला.